मधुमेहाच्या ऑपरेशनला उशीर का करायला लावता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत वजन आणि शुगर कमी करायच्या नव्या "बिनटाक्याच्या" उपचारांवर लेख आला होता तो वाचला, आणि त्याच पानावर खाली डायबिटीजपासून कायमची सुटका अशी मोठी जाहिरात होती तीही वाचली. दोन्ही वाचून झाल्यावर राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण आमच्या घरात शुगरसाठी पोटाचं ऑपरेशन दोनदा झालंय, आधी आमच्या ह्यांचं २०२२ च्या जानेवारीत आणि मग २०२३ च्या एप्रिलमध्ये धाकट्या दिरांचं म्हणजे भाऊजींचं. सर्जन तेच, हॉस्पिटल तेच, ऑपरेशनही तेच, मिनी बायपास म्हणतात ते, आणि तरी दोघा सख्ख्या भावांचे निकाल इतके वेगळे आले की मला त्यातून जे कळलं ते लेखात कुठे दिसलं नाही आणि जाहिरातीत तर दिसणारच नव्हतं.

आमचं मूळ घर रामबागेतलं, आता दोन्ही भाऊ सुदामानगरात दोन गल्ल्या सोडून राहतात. सासऱ्यांना शुगर होती, शेवटी शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला होता, त्यामुळे हा आजार घरात नवा नाही. आणि इंदुरात खाण्याचं काय सांगायचं, सकाळी पोहे-जलेबी, पोह्यांवर मूठभर सेव आणि जीरावन, पाहुणे आले की रात्री सराफा, थंडीत गराडू, आमच्याकडे तर वरणभातावर पण सेव लागते. पण मी हे अगदी स्पष्ट सांगते की याच घरात हेच खाऊन सासूबाई ८४ वर्षांच्या सडपातळ गेल्या, त्यामुळे "खाल्लं म्हणून झालं" एवढंच म्हणून जे लोक मोकळे होतात त्यांचं मला पटत नाही. शरीराचा पिंड, आनुवंशिकता, बसून काम, झोप, सगळंच त्यात असतं.

ह्यांना २००५ साली शुगर निघाली, वय तेव्हा ४२. एक गोळी, मग दोन, मग चार, आणि २०१४ पासून इन्सुलिन. दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जायचं, रिपोर्ट दाखवायचा, डॉक्टर म्हणणार वजन कमी करा, हे म्हणणार हो, आणि औषधाचा डोस वाढवून घरी यायचं. अन्नपूर्णा रोडवर पहाटे फिरायला जाणं वर्षानुवर्षं केलं, भात सोडला, दोन वेळाच जेवायचं तेही चार महिने नेमानं केलं, सहा किलो उतरले आणि वर्षभरात सात चढले. त्यात कोणी आम्हाला हेही सांगितलं नाही की इन्सुलिन आणि शुगरच्या काही जुन्या गोळ्या स्वतःच वजन वाढवतात, म्हणजे शुगरसाठी इन्सुलिन घ्यायचं, त्यानं वजन वाढायचं, वजनानं शुगर वाढायची आणि शुगरसाठी परत इन्सुलिन वाढवायचं, हे गाडं सतरा वर्षं असंच चाललं. २०२१ मध्ये डोळ्याच्या पडद्याला लेझर करावं लागलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, आणि तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी ऑपरेशनचं नाव काढलं, तेही डोळ्याच्या डॉक्टरांनी! शुगरच्या डॉक्टरांनी सतरा वर्षांत एकदाही नाही. माझी खरी तक्रार इथून सुरू होते.

सर्जनकडे गेलो तेव्हा ह्यांचं वजन १०४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ३६.८, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट ९.८ आणि दिवसाला ५६ युनिट इन्सुलिन. त्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं तर सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी केली. शरीर स्वतःचं इन्सुलिन अजून किती बनवतंय ते त्यातून कळतं. ह्यांचं कमी आलं. त्यांनी कागदावर पोट आणि आतडं काढून दाखवलं आणि सरळ सांगितलं की काका, तुमच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी सतरा वर्षांत बऱ्याच थकल्यात, इन्सुलिन खूप कमी होईल पण सुटेल असं मी वचन देणार नाही. हे खरं बोलल्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण आधी जिथे चौकशी केली होती तिथल्या काउन्सेलर मुलीनं फोनवर "शंभर टक्के गोळ्या बंद" असंच सांगितलं होतं.

आता ऑपरेशन म्हणजे काय ते थोडं सांगते कारण "पोट कापून घेतलं" असं म्हणणारे आमच्या नात्यात पुष्कळ आहेत. दुर्बिणीतून होतं, पोटात गॅस भरून फुगवतात, पाच छोटी छिद्रं, एकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून हत्यारं. मिनी बायपासमध्ये पोटाची लांब अरुंद नळीसारखी एक पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं साधारण दीड-दोन मीटर पुढून वर आणून तिला जोडतात, जोड एकच असतो. पोटाचा उरलेला भाग आतच राहतो, काढून टाकत नाहीत. स्लीव्ह म्हणून जे दुसरं ऑपरेशन असतं त्यात मात्र पोटाचा साधारण तीन चतुर्थांश भाग स्टेपलरनं कापून बाहेरच काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात, त्यात भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जिथे मुख्यतः बनतं तो भागही जातो. आमच्याकडे बायपास ठरला कारण ह्यांना आधीच आम्लपित्ताचा खूप त्रास होता आणि स्लीव्हनंतर बऱ्याच जणांची जळजळ वाढते.

त्याच संध्याकाळी ह्यांना धरून चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी आलो. आणि जी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नसती तर मला खरी वाटली नसती ती अशी की घरी आलो तेव्हा इन्सुलिन ५६ वरून २० युनिटवर आलं होतं आणि वजन अजून दोन किलोही उतरलं नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं की बारीक न होता शुगर कशी उतरली, तर ते म्हणाले एक तर तुम्ही आठवडाभर पातळच घेताय हे आहेच, पण अन्न आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून लवकर खालच्या भागात पोचलं की तिथून जीएलपी-वन नावाचं हार्मोन भरपूर सुटतं आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, भूकही मारतं. हल्ली जी आठवड्याची इंजेक्शनं निघालीत ती याच हार्मोनच्या नकलेवर बनवलीत. ही गोष्ट नवीन नाहीये, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉल्टर पोरीज नावाच्या सर्जननी १९९५ मध्येच छापलं होतं की बायपास केलेल्या १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची शुगर नॉर्मल झाली. १९९५! ह्यांना शुगर निघायच्या दहा वर्षं आधी.

ह्यांचं आज काय आहे तर वजन ७९, रात्री १४ युनिट इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन, एचबीएवनसी ७.४. बीपीच्या तीन गोळ्यांची एक झाली, झोपताना तोंडाला मशीन लावावं लागायचं ते सुटलं, गुडघे बरे आहेत. मी याला अपयश अजिबात म्हणणार नाही, ९.८ वरून ७.४ म्हणजे डोळ्यांना आणि किडनीला केवढा दिलासा. पण डोळ्याचं जे गेलं ते गेलं.

आणि भाऊजी? त्यांना २०१९ मध्ये शुगर निघाली, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी आजार चार वर्षांचा. वजन ९४, उंची १७० सेंटिमीटर, बीएमआय ३२.५, तीन गोळ्या घेऊन एचबीएवनसी ८.९. भावाचं सगळं डोळ्यासमोर होतं म्हणून त्यांनी स्वतःच जाऊन विचारलं. सी-पेप्टाइड चांगलं आलं. ऑपरेशन झालं आणि दोन आठवड्यांत दोन गोळ्या बंद, चौथ्या महिन्यात तिसरीही बंद, तेव्हापासून आजपर्यंत शुगरची एकही गोळी नाही आणि एचबीएवनसी ५.८, ५.९ असं येतंय. वजन ७० वर थांबलंय.

दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं, मी शाळेत २८ वर्षं गणित शिकवलंय. पण मग मी मुलाला बसवून मोठ्या अभ्यासांचं काय आहे ते काढायला सांगितलं आणि जिकडे बघावं तिकडे हेच. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं १५० मधुमेहींवर स्टॅम्पीड नावाची ट्रायल केली, काहींना फक्त औषधं, काहींना औषधं आणि स्लीव्ह, काहींना औषधं आणि बायपास. पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा खाली असलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ आणि नुसत्या औषधांमध्ये ५. आणि त्यात ज्यांचा मधुमेह आठ वर्षांपेक्षा कमी जुना होता त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा. ऑपरेशन नको असेल त्यांच्यासाठी पण तेच, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये डायरेक्ट नावाची ट्रायल झाली, त्यात कापाकापी काहीच नाही, फक्त तीन ते पाच महिने दिवसाला ८५० कॅलरीच्या आसपासचे सूप-शेक आणि मग हळूहळू जेवण, तर वर्षाअखेर ४६ टक्के लोक बिनगोळ्यांचे रेमिशनमध्ये होते, म्हणजे त्यांचा आजार मागे हटला होता. पण त्यांनी घेतलेच होते फक्त मधुमेह निघून सहा वर्षांच्या आत असलेले पेशंट. म्हणजे वाट कोणतीही धरा, वेळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि आपल्याकडे नेमकी तीच घालवली जाते.

आता इन्शुरन्सचं सांगते, हे वाचून तुम्हालाही धक्का बसेल.

दोन्ही भावांच्या पॉलिसी एकाच कंपनीच्या, एकाच एजंटकडून घेतलेल्या. ह्यांचा क्लेम पास झाला. भाऊजींचा नाकारला. कारण काय तर बीएमआय. विमा नियामकानं, म्हणजे इर्डाईनं, २०१९ मध्ये एक नियमावली काढली ती सगळ्या कंपन्यांना लागू आहे आणि त्यात लिहिलंय की वजनाच्या ऑपरेशनचा खर्च मिळायला वय १८ च्या वर पाहिजे आणि बीएमआय ४० पाहिजे, नाहीतर ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा काबूत न येणारा टाइप टू मधुमेह यातलं काहीतरी पाहिजे, तेही बाकीचे उपाय फसल्यावर. भाऊजी ३२.५. संपलं. साडेतीन लाख रुपये त्यांनी एफडी मोडून भरले. तक्रार करायची तर विमा लोकपालांचं ऑफिस भोपाळला आहे, पण भाऊजी म्हणाले नियमातच लिहिलंय तर वहिनी मी भांडू कशावर.

म्हणजे बघा, ज्याला ऑपरेशनचा अर्धा फायदा होणार होता त्याला पैसे मिळाले आणि ज्याचा आजार जवळजवळ मागे हटला त्याला नाही. ह्यांचं वजन अजून वाढेपर्यंत आणि पेशी थकेपर्यंत थांबले म्हणून ह्यांना मिळाले, असाच याचा अर्थ होतो ना? आणि ३५-४० चा हा आकडा आला कुठून, तर अमेरिकेत १९९१ मध्ये तिथल्या आरोग्य संस्थेनं ठरवलेला आहे. १९९१ मध्ये हे ऑपरेशन पोट उघडून मोठा चिरा देऊन व्हायचं, दुर्बिणीतून पहिला बायपास १९९३ मध्ये झाला. धोका तेव्हा वेगळा होता. आज मोठ्या सेंटरमध्ये या ऑपरेशनचा जिवाचा धोका साधारण पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनइतकाच सांगतात. शिवाय आपली भारतीय शरीरं वेगळी आहेत, कमी वजनातही आपल्याला पोटाभोवती आणि लिव्हरमध्ये चरबी साठते आणि शुगर लवकर होते, म्हणून आपल्या इथल्याच तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवलं की भारतीयांसाठी २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा म्हणायचं, जगात ते २५ आणि ३० असतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जगभरातल्या या सर्जन लोकांच्या दोन मोठ्या संघटनांनी १९९१ चे आकडे बदलून टाकले, मधुमेह असेल तर बीएमआय ३० पासून ऑपरेशनची शिफारस करा आणि आशियाई लोकांना तर २७.५ पासून हा पर्याय द्या असं म्हटलं. मग आपल्या देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये छापलेल्या सर्व्हेनं सांगितलंय आणि विम्याचा नियम मात्र गोऱ्या लोकांच्या तीस वर्षांपूर्वीच्या मापानं, हे कसं चालेल?

मला राग कंपनीचा नाही, तिनं नियम पाळला. नियम बदलायला पाहिजे.

आता तुमच्या लेखाबद्दल. त्यात बलून, एंडोस्कोपीचं टाके घालणं, आतड्याची आतून ट्रीटमेंट, आठवड्याचं इंजेक्शन सगळं एका ओळीत मांडलं होतं जसं काही छप्पन दुकानावरचे पदार्थ आहेत, आवडेल ते घ्या. तसं नाहीये हो. गिळायचा बलून असतो तो कॅप्सूलसारखा गिळतात, पोटात पाण्यानं फुगवतात, साधारण १६ आठवड्यांनी आपोआप रिकामा होऊन निघून जातो. ज्याला लग्नाआधी किंवा दुसऱ्या एखाद्या ऑपरेशनआधी वजन उतरवायचंय त्याच्यासाठी ठीक, पण गेला की भूक परत येते, ज्याची शुगर दहा वर्षं जुनी आहे त्याला त्याच्या भरवशावर ठेवू नये. एंडोस्कोपिक स्लीव्ह मला जास्त विचार करण्यासारखी वाटते, तोंडातून दुर्बीण घालून पोटाला आतूनच टाके घालून ते अरुंद करतात, काही कापत नाहीत, काही काढत नाहीत, २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ट्रायलमध्ये वर्षात सरासरी १३.६ टक्के वजन उतरलं. १०० किलोच्या माणसाचे साडेतेरा किलो म्हणजे काही कमी नाही. बायपासनं उतरतं त्याच्यापेक्षा बरंच कमी आणि आतड्याचा रस्ता तोच राहतो म्हणून शुगरवरचा परिणाम तेवढा जोरदार नाही, पण ज्याचा आजार नवा आहे आणि बीएमआय ३० च्या आसपास आहे त्याच्यासाठी हा पर्याय डॉक्टरांना विचारावा.

आणि नवं म्हणजे चांगलंच असंही नसतं, त्याचं एक उदाहरण लेखात यायला हवं होतं. एंडोबॅरियर नावाची ६० सेंटिमीटर लांब प्लास्टिकची नळी निघाली होती, तोंडातून नेऊन आतड्याच्या सुरुवातीला आतून अस्तरासारखी बसवायची म्हणजे अन्नाचा स्पर्श तिथे होत नाही आणि न कापता बायपास. किती छान वाटतं ऐकायला. शुगर उतरतही होती. पण अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये काही जणांच्या लिव्हरमध्ये पू झाला आणि २०१५ मध्ये ती ट्रायल थांबवावी लागली. चिरा नाही म्हणजे धोका नाही हे समीकरण त्यामुळे मनातून काढून टाकायला हवं.

इंजेक्शनांचंही तेच, २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपॅटाइड आपल्याकडे आलं तेव्हापासून आमच्या भिशीत दर महिन्याला कोणीतरी त्याचं नाव काढतं. औषध जोरदार आहे यात शंका नाही, ट्रायलमध्ये मोठ्या डोसवर २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण थांबवलं की बरंचसं परत चढतं हेही ट्रायलमध्येच दिसलं, म्हणजे घेत राहायला पाहिजे, महिन्याला हजारो रुपये, आणि ते कोण भरणार. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावं.

जाहिरातीतल्या "कायमची सुटका" या शब्दांवर मात्र मी गप्प बसणार नाही. डॉक्टर लोक याला बरं होणं म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात, म्हणजे औषधाशिवाय निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली. आजार मागे हटलाय, गेला नाही. रोममध्ये ६० मधुमेहींवर दहा वर्षं अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला, त्यात ऑपरेशन झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ३७.५ टक्के रेमिशनमध्ये होते. आणि दोन वर्षांनी जे रेमिशनमध्ये होते त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची शुगर पुढे परत आली, पण सौम्य, काबूत राहणारी. हे सगळं मिळून चित्र आहे आणि ते चित्र चांगलंच आहे, त्याला कायमची सुटकाचा खोटा मुलामा कशाला? भाऊजींना मी दर सहा महिन्यांनी एचबीएवनसी करायला लावते, ५.९ आलं तरी.

आणि जाहिरातीत जे कधीच नसतं ते म्हणजे नंतरचं. आतड्याचा पहिला भाग बायपास झाला की लोह आणि कॅल्शियम नीट शोषलं जात नाही कारण ते मुख्यतः तिथेच शोषलं जातं, बी-१२ चंही गणित बिघडतं. म्हणून मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ हे आयुष्यभर. आयुष्यभर म्हणजे आयुष्यभर. भाऊजींना दहाव्या महिन्यात इतकं बरं वाटायला लागलं की त्यांनी गोळ्या सोडल्या, म्हणाले शुगरच्या सुटल्या तर या कशाला. हॉस्पिटलमधली डाएटिशियन तोवर नोकरी सोडून गेली होती, तिच्या जागी कोणी आलं नव्हतं, फॉलोअपचा नंबर उचलत नव्हते, फक्त वाढदिवसाला व्हॉट्सॅपवर शुभेच्छा आल्या. धाकट्या जावेला त्यांचा चेहरा पांढरा पडलेला दिसला म्हणून तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. लोहाची इंजेक्शनं शिरेतून घ्यावी लागली, दोन महिने गेले सावरायला. ज्या टीमनं इतकं सुंदर ऑपरेशन केलं तिनं एवढा धागा सोडावा याचं मला आजही वाईट वाटतं. आणि ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दाखवा, थायमिन म्हणजे बी-१ कमी होऊन मेंदूवर परिणाम होतो आणि तो कायमचा राहू शकतो.

प्रोटीनचाही प्रश्न आपल्या शाकाहारी घरांत मोठा आहे. दिवसाला ६० ते ८० ग्राम सांगतात आणि पोटात मावतं वाटीभर. आमच्या पोळी-भाजी-वरण-भातात ते बसत नाही. आम्ही काय केलं तर आधी प्रोटीनचं खायचं आणि मग जागा उरली तर पोळी, असा क्रम लावला. सत्तू ताकात, पनीर, मुगाचं धिरडं, घट्ट दही, सोयाबीनची उसळ, आणि डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं, घोटघोट. गोड एकदम खाल्लं तर घाम, धडधड, चक्कर येते हे ह्यांना एका लग्नात श्रीखंडानं शिकवलं.

लोक काय बोलले ते जास्त लिहीत नाही. "एवढा पैसा घालण्यापेक्षा तोंड बंद ठेवलं असतं" हे ह्यांना आमच्याच गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना चारचौघांत ऐकावं लागलं. वर्षानुवर्षं स्वतःच्या पोटाला सुई टोचणाऱ्या माणसाला हे म्हणायचं? हे काही बोलले नाहीत, घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले. हृदयाचा बायपास करून आलेल्याला आपण नारळ घेऊन भेटायला जातो आणि पोटाचा बायपास करून आलेल्याला टोमणा मारतो. भाऊजींनी तर अजूनही ऑफिसात हर्नियाचं ऑपरेशन झालं असंच सांगितलंय. आणि मला वाटतं फॅमिली डॉक्टर हा विषय काढत नाहीत त्यामागे हेही असेल, की पेशंटला वाटेल मला आळशी म्हणतायत. पण विचारायला तर पाहिजे! कोणाला करायचं नसेल तर नाही म्हणेल. आमच्या ह्यांना २००९-१० मध्ये कोणी विचारलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही, पण प्रश्न तरी आमच्यापर्यंत आला असता.

संपादकसाहेब, इंदुरात ही ऑपरेशनं वर्षानुवर्षं होतायत, बाहेरगावचे लोक इथे येऊन करून जातात, मग इथल्याच पेपरनं हा विषय नीट लावून धरायला नको का? माझ्या तीनच विनंत्या आहेत. तुम्ही वाचकांना सांगा की शुगर निघून दोन-तीन वर्षं झाली, वजन जास्त आहे आणि रिपोर्ट काबूत येत नाही तर आपला बीएमआय काढा, सी-पेप्टाइडबद्दल विचारा आणि डॉक्टरांना स्वतः म्हणा की माझ्यासाठी डाएट, इंजेक्शन, एंडोस्कोपी, ऑपरेशन यातलं काय बसतं ते मला समजावून सांगा. कायमची सुटका लिहिलेली जाहिरात घेऊ नका, निदान ती आरोग्याच्या पानावर लावू नका. आणि इर्डाईला पेपरतर्फे हा प्रश्न लेखी विचारा की मधुमेह असलेल्या भारतीयासाठी ३५ चा आकडा अजून का ठेवलाय, आणि उत्तर आलं की छापा. भाऊजींच्या क्लेम नाकारल्याच्या पत्राची कॉपी सोबत जोडलीय, नाव-पत्ता झाकून छापायला त्यांची हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सुदामानगर, इंदूर